ग्वाल्हेरचे चार दिवस आणि एक आयरिश बाटली

दिवस पहिला

कल्याणला पंजाब मेल पकडली तेव्हा बाटली माझ्याकडे नव्हती. ती ग्वाल्हेरला, जिवाजीगंजजवळच्या माझ्या मित्राच्या घरी, लोखंडी कपाटात रजयांच्या मागे वर्षभर उभी होती. मित्राची मुलगी डब्लिनला नोकरी करते. गेल्याच्या आधीच्या दिवाळीला घरी येण्याआधी तिने मला फोन करून विचारलं, ‘‘काका, बाबांना काय आणू?’’ मी ताबडतोब नाव सांगितलं : रेडब्रेस्ट, आयरिश व्हिस्की, बारा वर्षांची. २०१८ साली मुलाकडे गेलो असताना कॉर्क परगण्यातल्या मिडल्टनला, जिथे ती तयार होते तिथे, मी जाऊन आलो होतो.

बाटली आली, पण मित्राने ती उघडली नाही. फोनवर म्हणाला, ‘‘बुवा, मला वास येत नाही, हे तुला ठाऊक आहे. मी एकटा प्यालो तर ऊन पाणी प्याल्यासारखं होईल. तू नाक घेऊन ये, मग उघडू.’’

एप्रिल २०२१ मध्ये त्याला करोना झाला. तो त्यातून उठला, पण वास गेला तो गेलाच. आधी कोणालाच त्याचं फार वाटलं नाही, जीव वाचला हेच मोठं होतं. पण पुढे त्याचं जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. भात लागल्याचं कळत नाही, गॅस चालू राहिल्याचं कळत नाही, नातवाला मांडीवर घेतलं तर त्याच्या डोक्याचा वास येत नाही. हे शेवटचं त्याने मला एकदाच सांगितलं, आणि लगेच विषय बदलला.

आम्ही एकमेकांना बुवा म्हणतो, ते १९७० च्या आसपासपासून. दोघंही संध्याकाळी माधव संगीत महाविद्यालयात गाणं शिकायला जायचो. भातखंड्यांच्या पुढाकाराने १९१८ साली निघालेली ही संस्था. आमच्या वेळी तिथे शिकवणाऱ्यांत मराठी आडनावं पुष्कळ होती. गाणं पुढे दोघांच्याही पोटापाण्याचं झालं नाही. तो गणिताचा मास्तर झाला, मी नोकरीसाठी मुंबईकडे आलो. ‘बुवा’ तेवढं टिकलं.

झाशी मागे पडली की मी खिडकी सोडत नाही. दतियाचा वीरसिंहदेवाचा महाल, मग सोनागिरीच्या टेकडीवरची पांढरी जैन मंदिरं, मग डबरा. ग्वाल्हेरला उतरलो तेव्हा ऊन होतं, पण त्यात ऊब नव्हती. जानेवारीतली ग्वाल्हेरची थंडी हाडात शिरते. मुंबईच्या माणसाने ती हलक्यात घेऊ नये.

मित्र स्टेशनवर आला होता. मफलर, कानटोपी, वर शाल. घरी वहिनींनी सिगडी तयार ठेवली होती. रात्री जेवणानंतर मी कपाटाकडे पाहिलं, तर तो म्हणाला, ‘‘आज नाही बुवा. तुझं नाक अजून गाडीत आहे.’’

त्याच्या पलंगाशेजारी तिपाईवर चार लहान डब्या होत्या. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. वास गेलेल्यांसाठीचा हा नेम डॉक्टर सांगतात : रोज दोन वेळा एकेक डबी नाकाशी धरायची, वीसेक सेकंद, आणि त्या वेळी तो वास कसा होता हे मनात आठवायचं. त्याने तो वर्षभर केला, कंटाळून सोडला, वहिनींनी पुन्हा सुरू करवला. झोपण्याआधी मी त्याला तो करताना पाहिलं. डोळे मिटून, रियाजाला बसल्यासारखा. एकेक डबी उघडायची, धरायची, बंद करायची. शेवटी नुसती मान हलवली आणि दिवा मालवला.

दिवस दुसरा

सकाळी बेडई आणि जिलबी. बेडई म्हणजे डाळीचं सारण भरलेली खरपूस पुरी, सोबत बटाट्याची रस्सा भाजी. मित्राने लाल चटणी इतकी वाढून घेतली की मी त्याच्याकडे बघत राहिलो. ‘‘तिखट कळतं ना,’’ तो म्हणाला. ‘‘गोड कळतं, आंबट कळतं, खारट कळतं. पण जिलबी आणि साखरपाणी यात फरक उरलेला नाही.’’

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग नाकाचा असतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या रश्शात लागतो तसला एक रुचकरपणा एवढंच समजतं. केशर, वेलची, भाजलेला जिरा, आंबा हे सगळं घशाच्या मागून नाकात चढणाऱ्या वाफेतून कळतं. मात्र मिरचीचा जाळ, आल्याचा चटका, पुदिन्याचा गारवा यांच्यासाठी चेहऱ्यातली एक वेगळीच चेता काम करते, आणि ती शाबूत होती. तो चटणीकडे वळला होता तो त्यामुळे.

मी त्याच्या मुलीला नाव सांगताना नेमकं हेच मनात धरलं होतं. त्याला मात्र बोललो नव्हतो.

दुपारी जयविलास पाहिला. १८७४ साली जयाजीरावांनी बांधवलेला महाल, वास्तुकार मायकेल फिलोज. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. छत तेवढा भार पेलेल का हे बघायला आधी वर हत्ती चढवले होते, ही गोष्ट आम्ही लहानपणी शाळेच्या सहलीत ऐकली होती आणि या वेळीही मार्गदर्शकाने तितक्याच अभिमानाने सांगितली. आम्हाला पाहायची होती ती चांदीची आगगाडी. मेजवानीच्या टेबलावर रूळ टाकलेत, त्यावरून ही गाडी पाहुण्यांपुढे ब्रँडी आणि चिरूट घेऊन फिरायची. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की चालू लागायची. मित्र काचेपलीकडून बराच वेळ ती बघत होता. मग म्हणाला, ‘‘आपल्यालाही संध्याकाळी अशीच चालवायची. थांबत थांबत.’’

संध्याकाळी साडेसहाला अंगणाकडच्या बरांड्यात बसलो. सिगडी मध्ये, वहिनी बाजूला तीळ निवडत होत्या. संक्रांत आठवड्यावर होती. मुलीने बाटलीबरोबर दोन ग्लासही आणले होते, खाली पोट फुगीर, वर तोंड निमुळतं. मित्राने बाटली दोन्ही हातांनी आणली. लेबलावर छाती तांबडी असलेला चिमुकला पक्षी, रॉबिन. नाव त्याच्यावरूनच पडलं. ‘‘आपल्या भिंतीवर येतो तसलाच काहीसा,’’ वहिनी म्हणाल्या. त्यांना म्हणायचं होतं थिरथिरा. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा, तांबूस पोटाचा, शेपूट सतत थरथरवणारा. दोन्ही पक्षी वेगळे, पण वहिनींची नजर चांगली आहे.

बूच निघालं. मी दोघांना तीस-तीस मिली ओतलं. मित्राला डॉक्टरांनी कधीमधी एवढंच चालेल असं सांगितलं आहे, आणि तेवढंच घ्यायचं हे आमचं आधीच ठरलं होतं.

‘‘आता सांग,’’ तो म्हणाला. ‘‘घाई करू नको.’’

मी ग्लास नाकाशी नेला. त्याच्यासाठी वास घ्यायचा, ही जबाबदारी मला त्या क्षणी फार मोठी वाटली. आधी सुकामेवा आला : मनुका, खारीक, थोडे बदाम. मग संत्र्याच्या सालीसारखं काही. त्याच्या मागे जुनं लाकूड. मी सांगत होतो आणि तो डोळे मिटून ऐकत होता, डब्या हुंगताना मिटतो तसेच. मी एका जागी अडकलो. ओळखीचा वास होता, नाव सापडेना. वहिनींनी हात पुढे केला. त्या घेत नाहीत, पण ग्लास नाकाशी धरला आणि म्हणाल्या, ‘‘अहो भाऊजी, हा साखरभात आहे. लवंग, बेदाणे, तूप.’’

तोच होता. मित्र एकदम हसला. ‘‘साखरभात मला आठवतो,’’ तो म्हणाला.

मग त्याने पहिला घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. बराच वेळ गेला. गिळल्यावर त्याने डावा हात छातीवर ठेवला, तसाच ठेवून बसला.

‘‘बुवा, हे पाणी नाही.’’

‘‘काय लागलं?’’

‘‘आधी तुपासारखं जिभेवर पसरलं. जाड आहे. मग कडेने आलं आणि मिरी. आणि आत्ता खाली उतरून राहिलंय, खर्जात.’’ थोडं थांबून म्हणाला, ‘‘वास नाही. पण आकार कळला.’’

तेव्हा मी त्याला सांगितलं की हीच का. बहुतेक सिंगल माल्ट व्हिस्क्या फक्त मोड आणलेल्या जवाच्या असतात. ही आयर्लंडची खास तऱ्हा, सिंगल पॉट स्टिल. हिच्यात मोडाच्या जवाबरोबर कच्चा, मोड न आणलेला जवही घालतात. आजच्या नियमाने दोन्ही किमान तीस-तीस टक्के लागतात. कच्च्या जवामुळेच तो स्निग्धपणा येतो, आणि तो आल्या-मिऱ्यासारखा चटका. ही रीत आली करातून. अठराव्या शतकात सरकारने मोड आणलेल्या धान्यावर कर बसवला, तेव्हा गाळणाऱ्यांनी कच्चं धान्य मिसळायला सुरुवात केली. कर वाचवायला केलेली गोष्ट लोकांच्या जिभेला आवडली आणि राहिली.

तो गणिताचा माणूस, त्याला कारणं लागतात. तांब्याच्या मोठ्या भांड्यांतून तीनदा गाळतात, हे सांगितलं. पिंपात किमान तीन वर्षं ठेवल्याशिवाय तिला आयरिश व्हिस्की म्हणता येत नाही. ही बारा वर्षं राहिली, काही अमेरिकन बर्बनच्या रिकाम्या पिंपांत, काही स्पेनच्या ओलोरोसो शेरीच्या पिंपांत. वहिनींचे बेदाणे शेरीचे. लाकडातून दरवर्षी साधारण दोन टक्के उडून जाते, तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. त्याने बोटांवर हिशेब केला. ‘‘म्हणजे बारा वर्षांत पाचवा हिस्सा नैवेद्यालाच गेला.’’

मग मी त्याला मिडल्टनचं सांगत बसलो. जुन्या कारखान्यात १८२५ सालचं तांब्याचं भांडं अजून ठेवलं आहे, ३१,६१८ गॅलनचं, म्हणजे सुमारे १ लाख ४० हजार लिटर. जगात त्याच्याएवढं दुसरं पॉट स्टिल झालं नाही. मी त्याच्या पायथ्याशी उभा होतो आणि मला किल्ल्यावरच्या तोफेपुढे उभं असल्यासारखं वाटलं होतं. एके काळी जगात आयरिश व्हिस्कीचाच दबदबा होता. मग १८३० मध्ये एनियस कॉफी नावाच्या, आयर्लंडच्याच एका निवृत्त अबकारी अधिकाऱ्याने अखंड चालणाऱ्या नव्या भट्टीचं पेटंट घेतलं. झटपट, स्वस्त, हलकी दारू. डब्लिनच्या मोठ्या घराण्यांनी ती नाकारली, ही व्हिस्कीच नव्हे म्हणाले. स्कॉटलंडने ती उचलली आणि बाजार मारला. पुढे १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी, त्यात ब्रिटनशी व्यापारी भांडण. सत्तरच्या दशकात साऱ्या आयर्लंड बेटावर दोनच कारखाने उरले : उत्तरेला बुशमिल्स आणि दक्षिणेला मिडल्टन, जिथे १९७५ मध्ये नवा कारखाना उभा राहिला. रेडब्रेस्टसुद्धा ऐंशीच्या दशकात बाजारातून नाहीशी झाली होती, १९९१ साली परतली. आज चाळीसहून जास्त कारखाने आहेत.

मित्र म्हणाला, ‘‘घराण्यासारखंच की. एका गावात, दोन-चार माणसांच्या गळ्यात टिकून राहिलं.’’ आणि तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांवर गेला. ते ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोश्यांकडे शिकले आणि ती गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले, म्हणून तुमच्या पुण्या-मुंबईला ख्याल कळला, हे तो मला आजवर शंभरदा तरी बोलला असेल. मला ते दर वेळी ऐकायला आवडतं. त्याच्या आवाजात जोर आला होता. वहिनी तीळ निवडायचं थांबून त्याच्याकडे बघत होत्या.

एक गोष्ट मी त्याला जरा रागावूनच सांगितली. बाटलीत व्हिस्की मुरत नाही. पिंपातून बाहेर पडली की तिचं वय थांबतं. बारा वर्षांची बाटली तू कपाटात आणखी दहा वर्षं ठेवलीस तरी ती बाराचीच राहणार. तेव्हा वर्षभर रजयांच्या मागे ठेवून काय मिळवलंस?

‘‘तू आलास,’’ तो म्हणाला.

दिवस तिसरा

किल्ला धुक्यात होता. उरवाई दरवाज्याकडून वर गेलो नाही. ग्वाल्हेर दरवाज्यातून पायी चढलो, कारण त्याला चतुर्भुज मंदिरात थांबायचं होतं. वाटेत, चढावरच, एका अखंड खडकातून कोरलेलं लहानसं विष्णूमंदिर. आत इसवी सन ८७६ चा शिलालेख. त्यात मंदिराला दिलेल्या बागेचं माप आहे, २७० हात, आणि रोज द्यायच्या ५० हारांची नोंद. दोन्ही आकड्यांत शेवटी लहान गोल कोरलेला आहे, आजच्या आपल्या शून्यासारखा. त्याने इथे शाळेची पोरं दरवर्षी आणली, पस्तीस वर्षं. मोबाइलच्या उजेडात त्याने मला तो गोल दाखवला.

‘‘पोरांना वाटतं, शून्य म्हणजे काही नाही. मी त्यांना म्हणायचो, हे पुसून बघा, २७० चे सत्तावीस होतील. त्याने जागा धरून ठेवलेली असते.’’ मग उतरताना, पाठमोरा, म्हणाला, ‘‘डॉक्टरांच्या वासाच्या परीक्षेत मला भोपळा मिळाला होता. तेव्हा मी इथे आलो होतो.’’

मी काही बोललो नाही. मानमंदिर महालाच्या निळ्या टाईल्स, सास-बहू, तेली का मंदिर, सगळं झालं. धुक्यात निम्मं दिसलं, निम्मं आठवलं.

खाली हजिऱ्याला तानसेनची कबर. सूफी संत मोहम्मद गौस यांच्या जाळीदार भव्य मकबऱ्याशेजारी ती इतकी साधी आहे की नवख्या माणसाला आधी दिसतच नाही. डिसेंबरमध्ये इथे तानसेन समारोह होतो, शहनाई, ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद यांनी त्याची सुरुवात करायची प्रथा आहे. आता सामसूम होती. शेजारी चिंचेचं झाड. त्याचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, असं गाणारे पिढ्यान् पिढ्या मानत आले; मूळ झाड कधीच गेलं, आताचं नंतरचं असं सांगतात. चौदाव्या-पंधराव्या वर्षी आम्ही दोघांनी परीक्षेआधी इथे येऊन मूठभर पाला चघळला होता. मित्राने वाकून खाली पडलेली दोन-चार कोवळी पानं उचलली, पुसली, एक माझ्या हातावर ठेवलं. त्याचं तोंड आंबट झालं आणि तो आनंदाने म्हणाला, ‘‘हे पुरतं लागतं बुवा! तेव्हा लागायचं तस्संच.’’ मग तिथेच, कबरीकडे तोंड करून, त्याने अगदी हलक्या आवाजात यमनची सुरावट घेतली. नि रे ग. आवाज थरथरत होता, पण गंधार जागेवर होता.

संध्याकाळी त्याने पंधराच मिली घेतली, मी नेहमीचा एक. आज त्याने स्वतः चार थेंब पाणी घातलं आणि घोटाघोटातला फरक मला सांगत राहिला. पाण्याने मिरी मागे गेली, गोडवा पुढे आला, असं त्याचं म्हणणं. माझ्या नाकालाही तेच कळत होतं. आम्ही फार बोललो नाही. झोपायला जाताना वहिनी ग्लास उचलू लागल्या तेव्हा मी म्हटलं, ‘‘वहिनी, आज धुऊ नका. दारू उडून गेली की रिकाम्या ग्लासात पिंपाचा वास मागे राहतो. सकाळी बघू.’’ त्यांनी दोन्ही ग्लासांवर बशा झाकल्या.

दिवस चौथा

माझी गाडी दुपारची होती. सकाळी उठलो तर स्वयंपाकघरात पातेल्याचा आवाज. वहिनींनी मला बरोबर द्यायला तिळाचे लाडू करायला घेतले होते. थिरथिरा भिंतीवर येऊन बसला होता, शेपूट थरथरवत.

मित्र पलंगावर बसून डब्यांचा नेम करत होता. गुलाब. लिंबू. लवंग. निलगिरी. चौथी बंद केल्यावर तो उठला, बरांड्यात गेला, कालचा ग्लास बशीसकट घेऊन आला आणि पाचवी डबी असावी तसा समोर ठेवला. बशी काढली. ग्लास नाकाशी धरला, डोळे मिटले.

मी वीस सेकंद मोजत होतो. वीस झाली, तीस झाली. त्याने ग्लास खाली घेतला नाही. कपाळावर आठी पडली, मग गेली.

‘‘गूळ,’’ तो म्हणाला.

मी त्याच्या हातातून ग्लास घेतला. तळाशी सुकलेला तांबूस डाग होता. त्यात लाकूड होतं, व्हॅनिला होता, आणि गुळासारखा एक जड गोडवाही होता. पण आतून गुळाच्या पाकाचा वासही घरभर पसरला होता, आणि मला दोन्ही वेगळे करता येईनात.

‘‘बुवा, ग्लासातला की आतला?’’

‘‘ते सांगता येत नाही.’’ त्याने ग्लास परत मागितला, पुन्हा नाकाशी धरला. ‘‘आता गेला. पण होता. गूळच होता.’’

तो तसाच उठला. चपलाही घातल्या नाहीत. ग्लास हातात घेऊन थंडगार फरशीवरून स्वयंपाकघराकडे निघाला, आणि दारात पोचण्याआधीच त्याने मोठ्याने विचारलं, ‘‘अगं, पाक चढवलायस का?’’

आतला डावाचा आवाज थांबला.